काळी चारमध्ये चालणारं मशीन

नेदरलँड्समध्ये कोणाच्या घरी न सांगता जायचं नसतं, हे मला इथे आल्यावर पहिल्या महिन्यातच कळलं होतं. एवढं कळूनही त्या शनिवारी मी पिठलं-भाताचा डबा सायकलच्या पिशवीत ठेवला आणि निघाले. नवरा म्हणाला, निदान मेसेज तरी कर. मी म्हटलं, अशा वेळी भेटायला जाताना कोणी मेसेज करतं का? तो म्हणाला, अशा वेळी म्हणजे कशा वेळी? अगं, गेलंय कोण? मी हातमोजे शोधायला लागले.

गेलं होतं एक हेलिकॉप्टर. म्हणजे उडता उडता पडलं वगैरे नव्हतं. ते अजून उडलंच नव्हतं. अमेरिकेच्या सैन्यासाठी टेहळणीचं नवं हेलिकॉप्टर बनवायचं काम कितीतरी वर्षं चालू होतं, आणि एक दिवस तिकडच्या वरिष्ठांनी ते रद्द केलं. आता ड्रोन आहेत, उपग्रह आहेत, पुढे जाऊन बघून यायला माणसं कशाला पाठवायची, असं काहीसं कारण बातमीत होतं. त्या अवाढव्य कामातला एक तळहाताएवढा धातूचा तुकडा इथे एनस्खेडे शहरात आमच्या कंपनीच्या मागच्या खोलीत होता, आणि त्या तुकड्यामागे एका माणसाची सहा वर्षं गेली होती. त्या माणसाकडे मी पिठलं घेऊन निघाले होते.

घरी आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. कंपनीत सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, अगदी साहेबालासुद्धा, पण पासष्टीच्या माणसाला नावाने हाक मारताना माझी जीभ आजही अडखळते. मास्तरांनीच मला ही नोकरी दिली. मी पुण्याची मेकॅनिकल इंजिनिअर, भोसरीत चार वर्षं क्वालिटीत घासलेली. मुलगी पाच वर्षांची असताना नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले आणि सहा वर्षं घरात बसले. डच शिकले, मुलगी वाढवली, अर्ज करत राहिले, नकार वाचत राहिले. मग ह्या कंपनीचा इंटरव्ह्यू आला. ह्यांचा धंदा असा, की लोकांनी बनवलेल्या वस्तू मोडेपर्यंत हलवायच्या आणि किती दिवस टिकल्या ते लिहून द्यायचं. सायकलची फ्रेम, पवनचक्कीचा तुकडा, हॉस्पिटलच्या खाटेची बिजागरी, काहीही.

इंटरव्ह्यूत मास्तरांनी माझे कागद बघितलेच नाहीत. दोन सळ्या पुढे ठेवल्या, दिसायला एकसारख्या, आणि विचारलं की ह्यातली भेग पडलेली कुठली. मी पेनाने दोन्ही वाजवल्या. भेग पडलेल्या वस्तूचा आवाज उतरतो, बसका होतो. हे मला इंजिनिअरिंगने नाही, सदाशिव पेठेतल्या गाण्याच्या बाईंनी शिकवलं होतं. बाई तानपुऱ्याची खुंटी केसभर सरकली तरी छडी उगारायच्या. मी डावी सळी उचलून त्यांच्या हातात दिली. मास्तर म्हणाले, सोमवारपासून ये.

कंपनीच्या मागच्या बाजूला एक खोली होती, कुलपाची. तिथे जाणाऱ्यांची यादी पासपोर्ट बघून ठरायची आणि माझा पासपोर्ट त्या यादीत बसत नव्हता. सैन्याच्या कामाचे नियम असतात, त्यात माझ्यावर कोणाचा राग नव्हता, हे मला आता समजतं. तेव्हा मात्र पहिले दोन महिने मी आतल्या आत धुमसत होते, खोटं कशाला बोलू. वर गंमत अशी, की माझं टेबल त्याच खोलीच्या भिंतीला लागून होतं. आत काय आहे ते मला दिसायचं नाही, पण ऐकू यायचं. भिंतीतून दिवसभर एक सूर येत राहायचा, न थांबता, न हलता. तिसऱ्या का चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हा सूर पेटीवरची काळी चार आहे. काळी चार म्हणजे माझीच पट्टी. मी जन्मभर ज्या सुरात गायले, तो सूर सात समुद्रापलीकडच्या एका सैन्याचं मशीन भिंतीआडून मला देत होतं.

मग मी एका कानात फोनवरचा तानपुरा लावून काम करायला लागले. तानपुऱ्याचं ॲप असतं, त्यात पट्टी निवडता येते आणि सूर केसाएवढा वरखाली करायला आकड्यांची एक छोटी सरकपट्टी असते, मधे शून्य. मशीनचा सूर काळी चारपेक्षा किंचित चढा होता. ॲपमध्ये चार आकडे वर सरकवलं की दोन्ही सूर एकमेकांत विरघळायचे आणि मला दिवसभर बरं वाटायचं. आतले तुकडे मधूनमधून बदलत असावेत, कारण कधीकधी दोन दिवस शांतता असायची. पण तुकडे एकाच घाटाचे असणार, कारण परत सुरू झालं की सूर तोच. जवळजवळ दोन वर्षं हे चाललं. ह्यातलं मी कोणाला काही बोलले नाही. काय सांगणार, की तुमच्या गुप्त मशीनवर मी यमन गुणगुणते?

मास्तरांशी माझी मैत्री खोलीबाहेरची, म्हणजे दुपारच्या जेवणाची. बाराच्या ठोक्याला सगळे ब्रेड आणि चीज घेऊन बसतात. मास्तर बरोबर ताक पितात. इथे ताक दुकानात खोक्यात मिळतं आणि ते लोक ते बिनमिठाचं, बिनजिऱ्याचं पितात, औषधासारखं. मी एकदा त्यांच्या ग्लासात चिमूटभर मीठ आणि जिरेपूड टाकली. त्यांनी एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले की ह्या देशाने चारशे वर्षं नुसते मसाले विकून फुकट घालवली. तेव्हापासून जिरेपुडीची बाटली त्यांच्या खणात असते. खोलीत काय करता, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या बायकोलाही ते सांगत नसत, हे मला नंतर कळलं.

फेब्रुवारीत मास्तर एक आठवडा नातवंडांना घेऊन बर्फात घसरायला गेले. ते परतले त्या सोमवारी जेवताना त्यांचं ताक तसंच पडलेलं. मी विचारलं, बरं नाही का? तेव्हा पहिल्यांदाच ते त्या खोलीबद्दल एक वाक्य बोलले. म्हणाले, "एका गोष्टीचा संशय आलाय मला. उद्या उघडून बघणार आहे." एवढंच. आणि मग स्वतःच्याच बोलण्याने दचकल्यासारखे उठून गेले.

तो उद्या आलाच नाही. मंगळवारी सकाळी आठला साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साडेदहाला भिंतीतला सूर थांबला. अचानक थांबला नाही, उतरत उतरत गेला, आणि मी कानातला तानपुरा काढून ठेवला. अकराला सगळ्यांना कॉफीच्या खोलीत जमवून साहेबांनी दोन वाक्यांत सांगितलं, की ग्राहकाने कार्यक्रम बंद केलाय, मागच्या खोलीतलं काम संपलं. ग्राहक कोण हे ते बोलले नाहीत, पण बातमी सगळ्यांच्या फोनवर होतीच. दुपारी दोन अनोळखी माणसं आली. तो तुकडा, त्याची सगळी टिपणं, आकडे साठवणारा कॉम्प्युटर, सगळं खोक्यांत घातलं, सील लावलं आणि नेलं. नेऊन ते नष्ट करणार, असा करार होता. मास्तर कोट घालून दाराशी उभे होते. त्यांना शेवटचा एकदा हातसुद्धा लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर रजेवर. आजारी असल्याचं कळवलं होतं. इथे आजाऱ्याला काय झालंय हे साहेबाने विचारायचं नसतं, तसा कायदाच आहे, आणि कायदा चांगलाच आहे. पण त्या कायद्याची सगळ्यांना इतकी सवय झालीय, की मित्रसुद्धा विचारत नाहीत. एक कार्ड आलं टेबलावर, ट्यूलिपचं चित्र, आत बारा सह्या. लवकर बरे व्हा. मी सही केली आणि मला माझीच चीड आली. जूनमध्ये मास्तर निवृत्त होणार होते. आता ते परत येणारच नाहीत, निरोपाचा केकसुद्धा नको म्हणालेत, असं कोणीतरी कुजबुजलं.

घरी मी हे सगळं बोलले तर आमची कन्या, वय तेरा, डचमध्ये म्हणाली की लढाईचं मशीन बंद झालं तर छानच की, त्यात रडायचं काय. मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते, आमचं असंच चालतं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मलाही त्या हेलिकॉप्टरचं काही सोयरसुतक नव्हतं. मला सुतक होतं ते मास्तरांचं.

मग मी आईला पुण्याला फोन केला. माझे बाबा एका सरकारी कारखान्यात होते. मी शाळेत असताना त्यांच्या विभागाचं एक मोठं काम असंच वरून बंद केलं होतं. मला त्यातलं आठवतं ते एवढंच, की बाबा तेव्हा फार चिडचिडे झाले होते. आई म्हणाली, "तुझ्या बाबांकडे कोणी आलं नाही गं तेव्हा. पगार चालू होता ना, मग कोण येणार? चार महिने गॅलरीत बसून होते. तू जाऊन ये." मी म्हटलं, इथे असं जात नाहीत. ती म्हणाली, मग तुझ्या बाबांकडेही कुठे कोण जात होतं?

म्हणून पिठलं. आमच्याकडे कोणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भात आणून देतात, आणि मला दुसरं काही सुचलं नाही. अर्ध्या वाटेत, कालव्याच्या पुलावर, वारा तोंडावर घेत असताना माझ्या लक्षात आलं की मशीन बंद पडून आज बारावा दिवस आहे. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. पेडल मारायचं थांबले नाही, थांबले असते तर परत फिरले असते.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. त्या माझ्याकडे बघतायत, माझ्या हातातल्या कपड्यात बांधलेल्या डब्याकडे बघतायत. मी इतका गंभीर चेहरा केला होता की त्यांचा रंगच उडाला. त्यांना वाटलं कंपनीत कोणी तरी दगावलं. मी म्हटलं, नाही नाही, कोणी नाही, मी तुमच्या यजमानांना भेटायला आलेय. त्यांनी घड्याळात बघितलं. आपण ठरवलं होतं का, असं अगदी सभ्यपणे विचारलं. मी म्हटलं, नाही. झालं, आता संपलंच, असं मला वाटलं. पण त्यांनी दार पूर्ण उघडलं.

मास्तर मोठ्या खिडकीशी बसले होते. दाढी वाढलेली. मी समोर बसले आणि आमच्याकडे बसतात तशी गप्प बसले. अशा ठिकाणी गेल्यावर बोलायचं नसतं, समोरचा बोलेपर्यंत बसून राहायचं, हे मला लहानपणापासून माहीत. त्यांना ते माहीत नव्हतं. बिचाऱ्यांना वाटलं असेल, ही बाई आलीय कशाला? कॉफी आली, एकेक बिस्किट आलं, बिस्किटांचा डबा बंद झाला. मी गप्पच. दहा मिनिटं तरी गेली असतील. त्यांच्या बायकोने मी आणलेल्या डब्यात काय आहे विचारलं. मी सांगितलं, आणि हेही सांगितलं की आमच्याकडे हे कधी नेतात. मास्तर पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागले. म्हणाले, कोणासाठी? मी म्हटलं, तुमच्या मशीनसाठी.

मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

मग बोलले. बंद झालं ह्याचं दुःख नाही, म्हणाले. कामं बंद होतात, हे त्यांच्या आयुष्यातलं तिसरं. लढाईसाठी बनवल्याचं ओझंही त्यांना होतं, पण हे हेलिकॉप्टर पुढे जाऊन बघून परत यायचं होतं, आणि परत यायचं ते त्या तुकड्याच्या भरवशावर, त्यात दोन माणसं बसणार होती. त्या दोन माणसांचा विचार ते सहा वर्षं करत होते. आणि सुट्टीवरून आले तेव्हा त्यांना दिसलं की तुकडा सेकंदाला किती वेळा थरथरतो, तो आकडा आठवडाभर खाली आलेला आहे. अगदी थोडा. "भेग पडली असेल, तर माझं गणित चुकलं होतं. सहा वर्षं चुकीचं होतं. नसेल पडली, तर बरोबर होतं. उघडलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. आता कधीच कळणार नाही." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले की रात्री झोप लागत नाही, ती ह्याने.

आकडा खाली आला. आठवडाभर. मी कप खाली ठेवला. माझ्या डोक्यात एकदम काहीतरी जुळलं, आणि माझं मलाच खरं वाटेना.

मी विचारलं, तुम्ही सुट्टीवर असताना बॉयलर बिघडला होता, हे तुम्हाला कोणी सांगितलं का? नव्हतं सांगितलं. कोण सांगणार, आल्याबरोबर हे सगळं झालं. एरवी गॅस वाचवायला आम्हाला स्वेटर घालून बसवतात, पण त्या आठवड्यात बॉयलर अडकला आणि हॉल नुसता तापला होता. सोमवारी बिघडला, तो पुढच्या सोमवारी संध्याकाळी दुरुस्त झाला. त्या शेवटच्या दिवशी मास्तरांनाही उकडलं असणार, पण हे आठवडाभर चाललंय हे त्यांना कुठून कळणार? त्या आठवड्यात मी अर्ध्या बाह्यांत काम केलं. आणि त्या आठवड्यात माझा तानपुरा मशीनशी जुळेना. दोन्ही सूर एकत्र लागले की मध्ये लाटा यायला लागल्या. ॲपची पट्टी मला खाली सरकवावी लागली, शून्याच्या वर चारवर होती ती शून्याच्या खाली तीनवर आणली. मला वाटलं, ॲपच बिघडलं.

हे मी त्यांना सांगत होते आणि त्यांचा चष्मा हातातच राहिला होता. त्यांनी विचारलं, तू ऐकायचीस? मी म्हटलं, दोन वर्षं. तुमच्या खोलीत यायला पासपोर्ट लागतो, भिंतीतून आलेला आवाज ऐकायला लागत नाही. मग मी ते सांगितलं जे मी तोवर कधी महत्त्वाचं मानलंच नव्हतं. मंगळवारी सकाळी हॉल थंड पडला होता. मी तानपुरा लावला तर परत लाटा. पट्टी परत वर न्यावी लागली. खाली तीनवरून जिथे पूर्वी होती तिथे, वर चारवर. त्यानंतर दीड तासाने मशीन थांबलं.

मास्तर उठून उभे राहिले. मी म्हटलं, "गरमीने तार उतरते मास्तर, आणि थंडीत परत चढते. भेग पडलेली सळी परत चढत नाही. तुम्हीच मला दोन सळ्या दिल्या होत्या." त्यांना मी तोंडावर मास्तर म्हटलं हे मला नंतर कळलं, आणि त्यांना त्याचा अर्थ विचारायचं सुचलं नाही.

त्यांनी मला तीन वेळा विचारलं. नक्की चारवर? नक्की त्या सकाळी? किती वाजता? अगदी परीक्षेला बसवल्यासारखं. मी फोन काढला. मशीन बंद पडल्यापासून मी तानपुरा लावला नव्हता, पट्टी होती तिथेच होती, काळी चार, वर चार. मी तो सुरू केला आणि फोन टेबलावर ठेवला.

तंबोऱ्याच्या चार तारांत त्यांनी स्वतःचं मशीन ओळखायला एक क्षणही लावला नाही. ते खाली बसले, दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, जसे ते मशीनवर ठेवत असतील, आणि रडले. मोठ्याने नाही. खांदे तेवढे हलत होते. मीही रडले, माझं काय अडलं होतं थांबायला? मला बाबा दिसत होते, गॅलरीतले.

त्यांच्या बायको स्वयंपाकघराच्या दारात डबा घेऊन उभ्या होत्या. पिठलं गरम केलेलं, ताटल्या काढलेल्या. सहा वर्षं ज्याबद्दल त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं, ते घरात वाजत होतं. त्या हळूच येऊन नवऱ्याच्या शेजारी बसल्या.

"हे ऐकायचास तू रोज?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी नाक पुसलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आम्ही दोघं ऐकायचो. मधे भिंत होती."

मग त्यांनी पिठल्याची ताटली पुढे ओढली आणि घरात ताक आहे का, असं बायकोला विचारलं.